पुण्यातील विज्ञानसंस्था आणि शाळकरी मुले

पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण १८५४ साली सुरू झाले ते सरकारी बांधकामांसाठी हाताखालची प्रशिक्षित माणसे मिळावीत म्हणून. मुलांनी कुतूहलापोटी विज्ञानाकडे यावे, यासाठीचे प्रयत्न बरेच नंतरचे. १९४४मध्ये हौशी आकाशनिरीक्षकांनी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली आणि दुर्बिणीला डोळा लावण्याची संधी सामान्य पुणेकरालाही मिळू लागली.

खरा बदल घडला तो १९८८मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था सुरू झाल्यावर. संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी तिचे दार शाळकरी मुलांसाठी उघडे ठेवले. शनिवारी सप्रयोग व्याख्याने होऊ लागली, मराठीतूनसुद्धा. उन्हाळी सुट्टीत आठवी ते दहावीची मुले आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करत. त्याला ठरावीक अभ्यासक्रम नव्हता. काय करायचे ते मुले आणि मार्गदर्शक मिळून ठरवत. हीच या उपक्रमाची सर्वांत मोलाची बाजू, कारण संशोधन म्हणजे काय हे व्याख्यानातून फारसे कळत नाही. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करत.



पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून आयुकात मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता यांनी २००३पासून सुमारे दशकभर इथे काम केले. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुले त्रिकोण, चौकोन, घन बनवत. त्रिकोण दाबला तरी वाकत नाही, चौकोन मात्र लगेच कलतो. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, याचे उत्तर असे हातात मिळे. महागडी उपकरणे नसलेल्या शाळांना याचा विशेष उपयोग होता.

शहराबाहेर, नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनात ग्रामीण शाळांची मुले स्वतःचे प्रयोग मांडतात. शहरी मुलांना सहज मिळणारे व्यासपीठ त्यांना तिथे मिळते.

२००६मध्ये पुण्यात ‘आयसर’ ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था सुरू झाल्यावर बारावीनंतरचीही सोय झाली. तिथल्या पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात शेवटचे वर्ष संशोधन प्रकल्पाला दिलेले असते.