विश्लेषण : स्मृतिभ्रंश झाला म्हणजे मत संपले का?

घरातील वडीलधाऱ्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले की दोन गोष्टी जातात. आठवण हळूहळू, काही वर्षांत जाते. घरातील शब्दाची किंमत मात्र त्याच आठवड्यात जाते. पासबुक मुलाकडे, औषधे सुनेकडे, मोबाइल कपाटात. ‘जेवण जाते का?’ हा प्रश्नही दवाखान्यात त्यांना न विचारता शेजारी बसलेल्या मुलाला विचारला जातो. हे दुसरे नुकसान आजारामुळे होत नाही, आपल्या वागण्यामुळे होते, असे गेल्या तीसेक वर्षांतील संशोधन सांगते. पालघर तालुक्यातील कुंभवली, बोईसर, तारापूर पट्ट्यातील कुटुंबांशी त्याचा काय संबंध, आणि कायदा काय म्हणतो?

कुंभवलीचा संबंध काय?

‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीवर आधारित अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त आढळले. त्यामुळे हा शहरातल्या सुखवस्तू घरांचा आजार, ही समजूत बाजूला ठेवलेली बरी.

कुंभवली हे तारापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील गाव. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, पुढे कारखाने आले. सत्तरच्या दशकात विशीत कामाला लागलेली पिढी आता सत्तरीत आहे. पाळीत काम केलेले कामगार, शेतकरी, किनाऱ्यावरचे मच्छीमार, बाहेरगावाहून येऊन इथेच स्थायिक झालेले, सगळे एकाच वेळी म्हातारे होत आहेत. त्यांच्या विसरण्याला गावात नाव आहे ते ‘म्हातारचळ’, नाहीतर ‘साठी बुद्धी नाठी’. एकदा हे नाव चिकटले की तपासणीची गरजच कोणाला वाटत नाही.

तपासणी झाली तरी अडचण संपत नाही. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचण्या शाळा शिकलेल्यांसाठी बेतलेल्या आहेत: शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा. बोंबलाच्या वाट्यांचा हिशेब आयुष्यभर तोंडी करणारी आजी अशा कागदावर सहज नापास होईल. नव्वदच्या दशकात हरियाणातील बल्लभगड येथील संशोधकांनी निरक्षर ग्रामस्थांसाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार केली, ती याच कारणाने. वारली, मांगेली किंवा वाडवळी बोलणाऱ्या माणसाला त्याच्या बोलीत प्रश्न विचारला जाणे, हीच सहभागाची पहिली पायरी.

‘सक्षमीकरण’ म्हणजे नेमके काय?

सरकारी योजनांनी हा शब्द इतका वापरला आहे की तो गुळगुळीत झाला आहे. स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात मात्र त्याला नेमका अर्थ आहे. नेदरलँड्समधील संशोधक शार्लट फान कॉर्व्हन आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्ती, त्यांचे नातलग आणि काळजी घेणारे कर्मचारी यांच्याशी बोलून चार गोष्टी मांडल्या. मी कोण आहे याची ओळख टिकणे. निवडीला आणि नियंत्रणाला वाव असणे. आपला उपयोग आहे, कोणाला तरी आपली गरज आहे, असे वाटणे. आणि आपली किंमत आहे, ही भावना.

यातली तिसरी गोष्ट आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षित. आपली माया हातातले काम काढून घेण्यातून व्यक्त होते: ‘तुम्ही बसा हो बाबा, आराम करा.’ चाळीस वर्षे यंत्र चालवलेल्या माणसाला दिवसभर खाटेवर बसवले तर तो दुपारी ‘कामावर जायचंय’ म्हणून दाराशी येणारच. शेंगा सोलणे, भाजी निवडणे, अंगणाला पाणी घालणे, नातवाला डबा देणे, ही कामे वेळ घालवायला दिलेली खेळणी नव्हेत. त्याशिवाय घर अडते, असे त्या व्यक्तीला दिसले पाहिजे.

हा विचार आला कुठून?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ मधील पुस्तकात मेंदूच्या ऱ्हासाइतकेच लक्ष भोवतालच्या लोकांच्या वागण्याकडे वेधले. घाई करणे, फसवून काम करून घेणे, समोर असताना ती व्यक्ती नाहीच असे बोलणे, यांनी माणूस आणखी खचतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे रुग्ण स्वतःच बोलू लागले. स्कॉटलंडमध्ये २००२ मध्ये स्मृतिभ्रंश असलेल्यांनी स्वतः चालवलेला गट उभा राहिला. ऑस्ट्रेलियाच्या केट स्वॉफर यांना पन्नाशीच्या आत निदान झाले आणि सल्ला मिळाला तो सगळे सोडून देण्याचा. निदानासोबत मिळणाऱ्या या ‘निवृत्तीच्या औषधा’विरुद्ध त्या उभ्या राहिल्या. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या ‘डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल’च्या त्या सहसंस्थापक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या कृती आराखड्यातही रुग्ण व काळजीवाहकांचे सक्षमीकरण हे तत्त्व आहे.

याचा फायदा सिद्ध झाला आहे का?

काही बाबतींत हो. ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम टप्प्यातील ४७५ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. रोजच्या जगण्यातले कोणते काम पुन्हा जमायला हवे, हे ध्येय रुग्णानेच निवडायचे आणि थेरपिस्टने घरी येऊन त्यावर काम करायचे. निवडलेल्या कामात सुधारणा दिसली. एकूण जीवनमानात मात्र मोजता येईल असा फरक पडला नाही. म्हणजे हा आजारावरचा उतारा नव्हे. पण चहा स्वतः करता येणे हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

कायदा कोणाच्या बाजूने?

सर्वात मोठा गोंधळ इथे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाच्या भानाचे गंभीर विकार येतात. उपचाराबाबत निर्णयक्षमता तपासताना माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी लागते, आणि निर्णय हावभावाने कळवला तरी चालतो. घरच्यांना तो निर्णय चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असे ठरत नाही. भान शाबूत असतानाच पुढील उपचारांबाबत आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो, आपला प्रतिनिधी नेमता येतो.

मालमत्तेचे प्रकरण वेगळे. ‘बाबांची पॉवर ऑफ अॅटर्नी घेऊन ठेवली आहे’ म्हणून अनेक मुले निर्धास्त असतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याचे मानसिक संतुलन गेले की तो अधिकार संपतो. म्हणजे गरज पडते तेव्हाच कागद निरुपयोगी. मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या मुलांना असे पालकत्व दिले आहे, पण बोईसरहून ती वाट खर्चाची आणि वेळेची. उलट, भान असलेल्या काळात केलेले मृत्युपत्र कायद्याने वैध असते. म्हणून बँक, जमीन, घर यांबद्दल त्यांच्याशी बोलायचे ते निदान झाल्यावर लगेच, त्यांना बाजूला सारून नव्हे.

मतदानाचा हक्कही केवळ निदानाने जात नाही. त्यासाठी सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केलेले असावे लागते.

मग धोक्याचे काय?

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटातील संस्कृत पंडित हत्तीमागे चालत निघून जातो. कुंभवलीत हत्ती नाही, पण अवजड वाहनांचा रस्ता आणि जवळच रेल्वेमार्ग आहे. स्वातंत्र्य द्या म्हणजे दार उघडे टाका, असा या संशोधनाचा अर्थ काढणे चूक. खिशात नाव आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला व रिक्षावाल्यांना कल्पना, रोज ठरावीक वेळी कोणाबरोबर तरी फेरी, हे कुलपापेक्षा कामाचे.

आणखी एक गोष्ट संशोधनात कमी आणि घरात जास्त दिसते: हे सारे करायचे कोणी? उत्तर बहुधा ‘सून’ असते. तिला आठवड्यातून काही तास सुटका मिळाली नाही, तर सासऱ्यांना अर्धा तास लावून स्वतः शर्ट घालू देण्याइतका धीर तिने आणायचा कुठून? दिवसभराची काळजी केंद्रे मुंबईत आहेत. पालघर जिल्ह्यात नालासोपाऱ्याजवळ राजोडी येथे ‘सिल्व्हर इनिंग्ज’चे निवासी केंद्र आहे. बोईसर परिसरातील कुटुंबाला रोजच्या येण्याजाण्यासाठी दोन्ही दूरच. ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ १४४१६ या सरकारी मदतवाहिन्यांवर मात्र घरबसल्या फोन करता येतो. तो स्पीकरवर लावून, ज्यांच्याबद्दल बोलायचे त्यांना शेजारी बसवून केला तरी चालतो.