जुनी मर्सिडीज सुरू होत नाही तेव्हा

आपल्या व्यापारी समाजात घरापुढे मर्सिडीज उभी असणे ही एके काळी पेढीच्या भरभराटीची खूण समजली जात असे. जर्मनीत 1984 च्या अखेरीस निघालेली, कारखान्याच्या हिशेबी 'डब्ल्यू 124' या क्रमांकाने ओळखली जाणारी गाडी 1995 पासून पुण्याजवळ पिंपरी येथे टेल्कोच्या भागीदारीत जुळविली जाऊ लागली, आणि आपल्याकडील काही घरांतही ती आली. त्या गाड्यांना आता तीस वर्षे होत आली आहेत. मुले नव्या गाड्यांतून हिंडतात. ही मात्र वडिलांची म्हणून झाकून ठेवलेली असते. सारा पावसाळा ती जागेवर उभी राहते आणि दशलक्षण पर्व आटोपल्यावर क्षमावाणीसाठी आप्तांकडे जावयाचे म्हणून किल्ली फिरवावी, तर ती हूं की चूं करीत नाही. मग कार्यशाळेतील कोणी येऊन 'कॉम्प्युटर गेला' असे सांगतो, मोठ्या रकमेचा आकडा पुढे ठेवतो, आणि घरातील तरुण मंडळी भंगाराची भाषा बोलू लागतात.

या ठिकाणी थोडे थांबावे. पोत्याच्या तोंडचे चार दाणे पाहून आपण ट्रकभर माल उतरवून घेत नाही. मग गाडीने नेमके काय केले हे न ऐकता सुटे भाग का विकत घ्यावेत?

किल्ली फिरविल्यावर काहीच न होणे, नुसता 'टक्' असा आवाज होणे आणि यंत्र फिरूनही पेट न घेणे, ही तीन निरनिराळी दुखणी आहेत. पहिल्या दोहोंत संशय प्रथम बॅटरीवर घ्यावा. बाजारात अल्प किमतीस मिळणारा मल्टीमीटर घरी असू द्यावा. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते; 12.2 म्हणजे ती निम्मी उतरली. 12 च्या खाली गेली तर तिच्याकडून अपेक्षा करू नये. आकडा चांगला असून किल्ली फिरविताच तो 10 च्या बराच खाली कोसळत असेल, तर बॅटरी आतून संपली आहे. आकडा टिकतो आणि तरीही नुसता 'टक्' होतो, तेव्हा बॅटरीच्या टोकांवर चढलेला पांढरा-हिरवा क्षार खरवडून काढावा आणि इंजिनास सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहावी. ती गंजलेली असल्यास नवा स्टार्टर, ज्यास मेस्त्री लोक 'सेल्फ' म्हणतात, घालूनही उपयोग नाही. स्वयंचलित गिअरच्या गाडीत दांडा 'पी' वरून 'एन' वर आणून एकदा किल्ली फिरवून पाहावी; तेथील स्विच झिजला की गाडी मुकी होते. मागाहून बसविलेला चोरगजर असेल, तर त्याच्या तारांचीही झडती घ्यावी.

यंत्र जोमाने फिरते पण पेट घेत नाही, ही तऱ्हा अधिक कसोटीची. पेट्रोल गाडीस ठिणगी आणि इंधन ही दोन्ही हवीत. फिरविताना इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा जराही हलत नसेल, तर फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरवर संशय घ्यावा; तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होणाऱ्या गाडीत तोच बहुधा गुन्हेगार असतो. इंधनासाठी शांत जागी किल्ली अर्धी फिरवून मागील आसनाकडे कान द्यावा. क्षणभर पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. ती न आल्यास फ्यूज, मग रिले, आणि सरतेशेवटी पंप, असा क्रम ठेवावा. रिलेतील डाखास बारीक तडे गेल्यामुळे चांगले पंप फेकून दिले गेले आहेत. पेट्रोलचा वास येत असेल, तर मात्र किल्लीस हात न लावता गाडी उघड्यावर ढकलून न्यावी.

येथे आपल्या धंद्याचाही संबंध पोहोचतो. 2025 पासून देशभर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले जाते आणि त्यातले पुष्कळसे मका व तुटका तांदूळ यांपासून होते. मक्यास भाव आला याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु इथेनॉल ओलावा ओढून घेते, आणि 1995 च्या रबरी नळ्या त्यासाठी घडविलेल्या नव्हत्या. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीतील जुने पेट्रोल काढून टाकणेच बरे.

आता त्या 'कॉम्प्युटर'विषयी. नव्वदीच्या पहिल्या निम्म्यात या कंपनीच्या इंजिनांवर घातलेल्या तारांचे वेष्टन उष्णतेने कोरडे होऊन बिस्किटासारखे तुटते, हा या गाड्यांचा जगजाहीर दोष आहे. तारा एकमेकींस टेकल्या की निरोगी कॉम्प्युटरही वेडावाकडा वागतो, आणि तशाच जुडग्यावर नवा बसविला तर तोही जाण्याची भीती असते. म्हणून आधी जुडगा उघडून वेष्टन नखाने दाबून पाहावयास सांगावे. आमच्या ओळखीच्या एका अडत्याच्या गाडीस कॉम्प्युटर बदलण्याचा सल्ला मिळाला होता. एका म्हाताऱ्या वायरमनने फाळका उचलून पाहिले, तो तारा उंदरांनी कुरतडलेल्या! गाडी धान्याच्या गुदामालगत उभी होती, यात नवल ते कोणते? सात तारा जोडून काम भागले. विषाची गोळी ठेवणे आपल्यास वर्ज्य. त्यांनी पिंजरा लावला, पकडलेले उंदीर गावाबाहेर सोडले आणि गाडी गुदामापासून दूर हलविली.

डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्न नाही. तेथे थंडीत किल्ली देताच नागमोडी तारेचा पिवळा दिवा लागतो की नाही हे पाहावे; न लागल्यास तापविणारे प्लग किंवा त्यांचा रिले तपासावा. इंधनाच्या पारदर्शक नळ्यांत बुडबुडे दिसले, तर जोडावरील रबरी कड्या बदलाव्यात. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये, आणि मध्ये मिनिटभर विसावा द्यावा.