दर चार वर्षांनी माणसं बदलणारं घर

अमेरिकेतल्या जुन्या विद्यापीठांच्या गावांत एखादा तरी रस्ता असा असतो, की त्यावर प्रशस्त घरांची रांग लागलेली असते आणि प्रत्येक घराच्या दर्शनी भागावर दोन-तीन ग्रीक अक्षरं झळकत असतात. ही फ्रॅटर्निटीची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटनांची, घरं. आपल्याला ती माहीत झाली हॉलिवूडच्या चित्रपटांतून. म्हणजे दारू आणि रात्रभराचा धिंगाणा. ती बाजू खरीच आहे. पण विशीच्या आसपासची तीस-चाळीस मुलं एकत्र राहतात, पगारी स्वयंपाकी ठेवतात, खर्च आपसात वाटून घेतात आणि चार वर्षांत त्यांतला प्रत्येक जण निघून जातो. तरीही काही घरं शंभर वर्षं नांदती राहिली आहेत. माझ्या मते या संस्थेतलं खरं नवल हे आहे.

घराची गरज मुळात अडचणीतून निर्माण झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ मध्ये काप्पा अल्फा ही संघटना सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ इतर कॉलेजांत तशाच संघटना निघाल्या. त्यांचं काम गुप्तपणे चाले, म्हणून कॉलेजांचा त्यांना विरोध असे. बैठका भाड्याच्या खोलीत, नाहीतर कुणाच्या तरी माडीवर होत. मिशिगन विद्यापीठात तर काय साय या संघटनेच्या मुलांनी १८४६ च्या सुमारास ॲन आर्बरबाहेरच्या रानात ओंडक्यांची झोपडी उभी केली. फ्रॅटर्निटीचं पहिलं घर म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. आजही काय सायची मुलं आपल्या घराला ‘लॉज’ म्हणतात. पुढे विद्यार्थी वाढले, वसतिगृहं अपुरी पडू लागली आणि बैठकीच्या जागेचं राहतं घर झालं. मुलीही मागे राहिल्या नाहीत. १८७२ मध्ये सिराक्यूज विद्यापीठात स्थापन झालेल्या अल्फा फाय या संघटनेनं १८८६ मध्ये स्वतःचं घर बांधलं. त्या काळात मुलींनी जागा घेऊन, पैसा उभारून इमारत बांधणं ही लहान गोष्ट नव्हती.

चॅप्टर, म्हणजे त्या कॉलेजातली शाखा, मुलं चालवतात. पण घर सहसा त्यांच्या नावावर नसतं. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांची वेगळी नोंदणीकृत संस्था असते, तिला हाउस कॉर्पोरेशन म्हणतात. कर्ज, विमा, मालमत्ता कर आणि छपराची गळती हे सगळं तिच्या माथी. मुलं तिची भाडेकरू. एकोणीस वर्षांच्या पोरानं भाडं थकवलं, तर त्याला नोटीस पाठवणारा गृहस्थही कधीकाळी त्याच खोलीत राहिलेला असतो. घर टिकतं ते या बिनपगारी माणसांमुळे.

त्यांची खरी डोकेदुखी रिकाम्या खाटांची. तीस खाटांच्या घरात सहा रिकाम्या राहिल्या, म्हणून कर्जाचा हप्ता कमी होत नाही आणि हिवाळ्यात बॉयलरही कमी जळत नाही. म्हणून अनेक चॅप्टरांत दुसऱ्या वर्षी घरातच राहायचं, असा नियम असतो. बाहेर राहणाऱ्यांकडून वेगळी वर्गणी घेतात. एका वर्षी नवे सभासद कमी आले, की त्याचा फटका पुढची दोन-तीन वर्षं बसतो.

मुलांचं राज्य पाहायचं तर स्वयंपाकघरात जावं. ज्याचा वर्ग जेवणाच्या वेळेला येतो, तो सकाळीच फळ्यावर नाव लिहून ठेवतो. स्वयंपाकी त्याचं ताट वाढून, वर ॲल्युमिनियमचा कागद लावून, नावाची चिठ्ठी चिकटवून ठेवतो. याला ‘लेट प्लेट’ म्हणतात. दुसऱ्याचं ताट खाणं हा मोठा अपराध. कामाच्या पाळ्या लावायच्या आणि चुकारांना दंड करायचा, ही जबाबदारी निवडून आलेल्या हाउस मॅनेजरची. तोही त्यांच्यातलाच एक विद्यार्थी. मित्राच्या दारावर जाऊन ‘संडास तुझ्याकडे होता, धुतला का?’ असं विचारणं अवघड असतं. ते ज्याला जमतं, तो पुढे कुठेही माणसं सांभाळेल. जिन्याच्या भिंतीवर वर्षावर्षाच्या सभासदांच्या छायाचित्रांच्या मोठ्या चौकटी टांगलेल्या असतात. १९७० च्या दशकातले लांब केस, रुंद कॉलर, सगळं तिथं पाहायला मिळतं.

या घरांनी जीवही घेतले आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय परिचय पुरा होत नाही. जेनी मॅकग्रॉ या श्रीमंत वारसदार बाईनं इथाकात हौसेनं भव्य वाडा बांधवला; त्यात संसार थाटण्याआधीच १८८१ मध्ये ती वारली. पुढे तो वाडा तिथल्याच कॉर्नेल विद्यापीठातल्या काय सायकडे आला. डिसेंबर १९०६ मध्ये तो जळाला, चार विद्यार्थी आणि आग विझवायला आलेले तीन स्वयंसेवक गेले. नव्वद वर्षांनी, मे १९९६ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथं फाय गामा डेल्टाच्या घरात पदवीदानाच्या दिवशी पहाटे आग लागून पाच विद्यार्थी दगावले. त्यानंतर त्या गावानं अशा प्रत्येक घरात पाण्याचे फवारे बसवणं सक्तीचं केलं. जुन्या इमारतीत हे काम फार महागात पडतं आणि नुसत्या राहण्याच्या घरासाठी दिलेल्या देणगीवर दात्याला करसवलतही मिळत नाही. तरीही तो खर्च टाळणाऱ्या मालकाची बाजू मला घेता येत नाही.

रॅगिंगचा कलंक याहून जुना आहे आणि तो अजून पुसलेला नाही. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीच्या घरात प्रवेशविधीच्या रात्री दारू पाजलेला एक नवा मुलगा जिन्यावरून कोसळला, कित्येक तास कुणी मदत बोलावली नाही आणि तो गेला. तो चॅप्टर कायमचा बंद झाला. फाय डेल्टा थीटा या संघटनेनं तर २००० सालापासूनच आपल्या घरांत दारू बंद केली होती. मला तो निर्णय योग्य वाटतो. घर राखायचं तर आधी त्यातली मुलं राखली पाहिजेत.

चॅप्टरवरची बंदी कायमची नसून मुदतीची असेल, तर हाउस कॉर्पोरेशन घर दुसऱ्यांना भाड्यानं देते आणि वाट पाहते. ही वाट बहुतेक वेळा चार-एक वर्षांची असते, कारण तोवर वाईट सवयी ठाऊक असलेला शेवटचा मुलगा पदवी घेऊन गेलेला असतो. मग केंद्रीय संघटनेचे एक-दोन तरुण प्रतिनिधी गावात येतात, नवी मुलं गोळा करतात, महिनोन् महिने त्यांची पारख होते आणि मगच चॅप्टरची सनद परत मिळते. या मुलांना शिकवायला वरच्या वर्गातलं कुणी नसतं. खाटा कशा भरायच्या, स्वयंपाक्याशी करार कसा करायचा, बॉयलरवाल्याला थंडीआधी कधी बोलवायचं, हे सांगायला साठीतले माजी विद्यार्थी शनिवारी गाडी काढून येतात.