खोपा डोळ्याला दिसतो, चित्रात का हरवतो?

असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. अक्षरओळख नसलेल्या या बाईंनी सुगरणीचा खोपा किती बारकाईने पाहिला होता, ते १९५२ साली त्यांची गाणी छापून आली तेव्हा महाराष्ट्राला कळले. (खोपा विणतो तो नर, हे मात्र गुरुजींनी वर्गात सांगावे!)

त्याच असोद्याच्या शिवारात माझ्या एका विद्यार्थ्याने मोबाइलवर खोप्याचा फोटो काढला. पाहतो तो नुसती हिरवळ! "सर, डोळ्यांना तर स्पष्ट दिसत होता," तो म्हणाला. खरेच आहे. डोळा हवे तेवढे निवडतो. कॅमेरा समोरचे सगळे गोळा करतो. ताजा खोपा हिरवा, मागे बाभळही हिरवी. मग उठाव यावा कोठून? अशा वेळी खाली बसावे, खोप्यामागे उजळ आभाळ घ्यावे. लांब नळीचा आकार काळाभोर उठून दिसतो. वीण हवी असेल तर मात्र सकाळचे तिरपे ऊन बाजूने पडू द्यावे. पात्याशेजारी पात्याची सावली पडते, अन् आडवेतिडवे विणकाम उघडे होते. भर दुपारी हे साधत नाही.

खोपे पुष्कळदा विहिरीवर लोंबतात. तेव्हा मागेपुढे सरकायचे ते आधी पायाखाली पाहून. आणि फांदी ओढून खोपा जवळ आणायचा नाही, आत अंडी असतात.