जुनी कुऱ्हाड, नवा दांडा

गोठ्याच्या आढ्याला खोचलेली, दांडा मोडलेली एखादी कुऱ्हाड बहुतेक शेतकरी घरांत आढळते. दोन पिढ्यांपूर्वी गावच्या लोहाराने घडवलेले ते पाते आज भंगाराच्या भावाने तोलले जाते आणि त्याच्या जागी बाजारातून नवी कुऱ्हाड येते. हा व्यवहार नेहमीच फायद्याचा असतो असे नाही. जुन्या पद्धतीत लोहार पात्याचे अंग मऊ लोखंडाचे घडवीत आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव करीत. मऊ अंग धक्का सोसते, पोलादी कड धार धरते. असे पाते गंजले म्हणून निकामी होत नाही. निकामी झालेला असतो तो दांडा.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण झाडाच्या बाजूने बोलते. सैल दांडा मात्र माणसांच्या गोतालाही काळ ठरू शकतो. घाव घालताना निसटलेले पाते समोरच्या माणसाच्या दिशेने जाते. दांड्यात खिळा ठोकणे, नेढ्यात चिंधी कोंबणे किंवा कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवणे हे नेहमीचे तीन उपाय धोका पुढे ढकलतात, टाळीत नाहीत. पाण्याने लाकूड फुगते, नेढ्याच्या लोखंडी भिंतीत दबून त्याचे तंतू चिरडतात आणि वाळल्यावर ते पूर्वीपेक्षाही लहान होते. म्हणजे जी कुऱ्हाड वारंवार भिजवावी लागते ती दर वेळी थोडी अधिक सैल होत असते.

दुरुस्तीपूर्वी पात्याची परीक्षा करावी. ते दोरीला टांगून छोट्या हातोडीने हलकेच ठोकावे. आवाज खणखणीत आला तर पाते बहुधा निर्दोष असते. बद्द आवाज आल्यास नेढ्याच्या कडांवर तडा शोधावा. तडा गेलेले पाते वापरात आणू नये. जुन्या दांड्याचा नेढ्यात अडकलेला तुकडा छिद्रे पाडून, ठोकून काढावा. तो जाळून काढण्यासाठी पाते चुलीत टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती सर्वांत महाग पडते. पोलाद सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळे व ३०० अंशांच्या आसपास निळे दिसू लागते आणि तापमान जितके चढेल तितके धारेचे ‘पाणी’ उतरत जाते. चुलीतील निखारे याहून कितीतरी अधिक तापलेले असतात. यंत्राच्या चाकावर धार लावतानाही कड निळी पडू देऊ नये. पाते वारंवार पाण्यात बुडवून थंड करावे. गंजासाठी चिंचेचे दाट पाणी किंवा व्हिनेगर पुरेसे आहे. एक दिवस बुडवून ठेवल्यावर तारेच्या ब्रशने घासावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करून तेलाचा हात द्यावा.

खरा प्रश्न लाकडाचा आहे. सागवान उत्तम, तेव्हा दांडाही सागवानाचा उत्तम, हा समज चुकीचा आहे. सागाचा मोठा गुण म्हणजे तो आकार सोडत नाही. दांड्याला मात्र धक्का गिळणारे, लवचीक लाकूड हवे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत भारतीय लाकडांच्या बळाच्या विस्तृत चाचण्या झाल्या असून व्ही. डी. लिमये यांनी केलेले लाकडांचे वर्गीकरण त्याच परंपरेतले. या चाचण्यांत सागवानाला १०० गुण धरून इतर लाकडांची तुलना करण्याची रीत रुळली. धक्का सोसण्याच्या कसोटीवर बाभूळ आणि धामण सागाच्या बऱ्याच पुढे आहेत. दख्खनच्या पठारावर बाभूळ, सह्याद्रीत धामण, मध्य भारताच्या कोरड्या जंगलांत धावडा, उत्तरेत शिसू आणि तुती अशी प्रदेशानुसार निवड करता येते. जालंधरच्या हॉकी स्टिकसाठी तुतीचे लाकूड नावाजले गेले तेही याच गुणामुळे.

बाभळीत एक सावधानता हवी. बाहेरचे फिकट रसकाष्ठ भुंगेऱ्यांना प्रिय असते. दांडा आतल्या तांबूस गाभ्याचा घ्यावा. ओंडके काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याच्या जुन्या रीतीमागे शास्त्र आहे. लाकडातील पिष्टमय अंश पाण्यात उतरल्याने किडीचा उपद्रव कमी होतो. त्यानंतर लाकूड सावलीत सावकाश वाळवावे आणि टोकांना मेण किंवा रंग लावावा, कारण टोके आधी वाळून फाटतात. करवतीने कापण्यापेक्षा ओंडका फाळून दांडा काढणे चांगले. फाळताना लाकूड आपल्याच तंतूंच्या रेषेत उलगडते आणि ते तंतू दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अखंड राहतात. तंतू मध्येच बाहेर पडले असतील तर दांडा नेमका तेथेच मोडतो, मग लाकूड कितीही भारी असो.

जुना दांडा माप म्हणून समोर ठेवण्यास हरकत नाही, पण तो आजोबांच्या हाताचा होता आणि आज तीच कुऱ्हाड घरातील स्त्री वापरत असेल, याचाही विचार व्हावा. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने स्त्री-पुरुष शेतमजुरांच्या शरीराची मापे घेण्याचे मोठे काम केले ते अवजारे माणसाला साजेशी व्हावीत म्हणूनच. मुठीची जाडी साधारण ३० ते ४० मिलिमीटर असावी, लहान हातासाठी त्यातील खालची. जाड दांडा मजबूत वाटतो; प्रत्यक्षात तो मनगट लवकर थकवतो. वाकसाने तासून, कानशीने घासून शेवटचा हात काचेच्या तुकड्याने द्यावा. चकचकीत व्हार्निशवर घामेजलेला हात घसरतो.

दांडा बसवण्यास एप्रिल-मे हा उत्तम काळ. तेव्हा लाकूड सर्वांत कोरडे असते. पावसाळ्यात बसवलेला दांडा पुढच्या उन्हाळ्यात हमखास सैल होतो. दांड्याच्या वरच्या टोकाला नेढ्याच्या खोलीच्या सुमारे दोन-तृतीयांश खाच पाडावी. मग दांडा पात्यात घालून, पाते खाली अधांतरी राहील असा उभा धरावा आणि दांड्याच्या वर आलेल्या बुडावर लाकडी मोगरीने ठोकावे. जड पाते जडत्वामुळे जागीच राहते, दांडा त्यात उतरत जातो. दांडा नेढ्याबाहेर काही मिलिमीटर आला की खाचेत कठीण, पूर्ण वाळलेल्या लाकडाची पाचर ठोकावी. टिकावाचे तंत्र वेगळे आहे. त्याचे नेढे निमुळते असून ते दांड्याच्या बारीक टोकाकडून सरकवत जाड टोकावर घट्ट होते, त्यामुळे तेथे पाचर लागत नाही.

शेवटी जवसाचे तेल पातळ चोळून दोन-तीन दिवसांच्या अंतराने आणखी दोन हात द्यावेत. जवस हवेत सुकून घट्ट थर धरते; करंज किंवा मोहरी तसे सुकत नाही, चिकटच राहते. तेलाचे फडके मात्र चुरगळून कडब्याजवळ टाकू नये. सुकताना ते आपोआप तापते आणि पेटूही शकते. उन्हात मोकळे पसरून वाळवावे.

पहिल्या दिवशी अर्धा तास काम झाल्यावर पाते हलते का ते पाहावे आणि गरज वाटल्यास पाचर पुन्हा ठोकावी. मोडलेल्या जुन्या दांड्याचे खालचे टोक बहुधा धड असते. ते वीतभर कापून घेतले की खुरप्याला चांगली मूठ होते.