दशक कोणाचे? धेंपो की ईस्ट बंगाल? भारतीय फुटबॉलमधील न मिटलेला वाद

गुरुग्राम : देशाच्या कानाकोपऱ्यातून नोकरीसाठी आलेल्या माणसांचे शहर अशी गुरुग्रामची ओळख आहे. कोलकात्याचा अभियंता, मडगावचा लेखापाल आणि मुंबईचा व्यवस्थापक येथे एकाच कार्यालयात काम करतात. अशा ठिकाणी फुटबॉलचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय फुटबॉलवर वर्चस्व कोणाचे होते? कोलकात्याच्या ईस्ट बंगालचे, की गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबचे?

प्रश्न वरवर सोपा वाटतो. विजेतेपदे मोजावीत आणि निकाल द्यावा. प्रत्यक्षात मोजणीस आरंभ करताच पहिली अडचण उभी राहते, ती म्हणजे दशक नेमके कधी सुरू होते?

एका वर्षाचा फरक

भारतातील फुटबॉलचा हंगाम एका वर्षी सुरू होऊन पुढच्या वर्षी संपतो. २००० ते २००९ या वर्षांत निश्चित झालेली राष्ट्रीय विजेतेपदे मोजली, तर ईस्ट बंगालला तीन (२०००-०१, २००२-०३, २००३-०४), धेंपोला तीन (२००४-०५, २००६-०७, २००७-०८), मोहन बागानला दोन (१९९९-२०००, २००१-०२), तर महिंद्रा युनायटेड (२००५-०६) आणि चर्चिल ब्रदर्स (२००८-०९) यांना प्रत्येकी एक विजेतेपद मिळाले. म्हणजे आघाडीवर बरोबरी.

मात्र गणिताच्या काटेकोर नियमाप्रमाणे २००१ ते २०१० हे दशक धरले, तर चित्र बदलते. मोहन बागानचे १९९९-२००० चे विजेतेपद मोजणीतून बाहेर जाते आणि २००९-१० मधील धेंपोचे विजेतेपद आत येते. धेंपो चार, ईस्ट बंगाल तीन. केवळ एका वर्षाने सीमा सरकवली, की बरोबरीचे रूपांतर आघाडीत होते. गोव्याचा चाहता दशक २००१ पासून मोजतो आणि कोलकात्याचा चाहता २००० पासून, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

कोणती स्पर्धा मोजायची?

दुसरी अडचण स्पर्धेच्या स्वरूपाची आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली आणि पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी संघाने पहिले विजेतेपद मिळवले. २००७-०८ पासून तिची जागा आय-लीगने घेतली. ईस्ट बंगालची तिन्ही विजेतेपदे जुन्या लीगमधील आहेत. धेंपोची पाच विजेतेपदे (पाचवे २०११-१२ मधील) दोन्ही स्पर्धांत विभागलेली आहेत : दोन जुन्या लीगमधील, तीन आय-लीगमधील. दोन्ही स्पर्धांना एकच परंपरा मानायची की वेगळे धरायचे, यावर तुलनेचा निकाल अवलंबून राहतो.

लीगबाहेरील स्पर्धांकडे पाहिले, तर पारडे कोलकात्याकडे झुकते. फेडरेशन करंडक ईस्ट बंगालने २००७ मध्ये, २००९-१० च्या हंगामात आणि पुन्हा २०१० मध्ये जिंकला. धेंपोने तो या काळात एकदाच, २००४ मध्ये जिंकला. गुरुग्रामपासून फार दूर नसलेल्या दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर ज्या ड्युरँड करंडकाचे सामने वर्षानुवर्षे रंगत असत, तो ईस्ट बंगालने २००२ आणि २००४ मध्ये, तर धेंपोने २००६ मध्ये पटकावला.

देशाबाहेरील कामगिरीचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. २००३ मध्ये सुभाष भौमिक यांच्या मार्गदर्शनाखाली ईस्ट बंगालने जकार्ता येथे आसियान क्लब अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी टेरो सासाना संघाचा ३-१ असा पराभव झाला. भारतीय क्लबने परदेशी भूमीवर मिळवलेल्या मोजक्या मोठ्या यशांत त्याची गणना होते. धेंपोचे उत्तर २००८ चे आहे : त्या वर्षी हा संघ एएफसी करंडकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. एका बाजूला करंडक, तर दुसऱ्या बाजूला आशियाई फुटबॉल महासंघाच्या नियमित स्पर्धेतील मजल. यांतील मोठे कोणते, हे आकडे सांगू शकत नाहीत.

अमेरिकेतील वाद, भारतातील धडा

असाच वाद अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये दरवर्षी झडतो. तेथील फुटबॉल हा वेगळा खेळ असला, तरी वादाचे स्वरूप ओळखीचे आहे. तेथे दीर्घकाळ राष्ट्रीय विजेता मैदानावर ठरतच नसे. १९३६ पासून वृत्तसंस्थेच्या क्रीडा पत्रकारांच्या मतदानातून क्रमवारी लावली जाई आणि निरनिराळ्या मतचाचण्या कधी कधी निरनिराळे विजेते जाहीर करीत. चार संघांची बाद फेरी २०१४ च्या हंगामात आली, तरीही वाद संपला नाही. २०१० ते २०१९ या दशकात अलाबामा विद्यापीठाने चार विजेतेपदे मिळवली (२०११, २०१२, २०१५, २०१७), तर क्लेमसनने दोन (२०१६, २०१८). परंतु क्लेमसनची दोन्ही विजेतेपदे अंतिम सामन्यात अलाबामालाच हरवून आलेली होती. संख्या एकाच्या बाजूने बोलते, तर आमनेसामनेच्या लढती दुसऱ्याची बाजू मांडतात.

याउलट महाराष्ट्राच्या वाचकाला परिचित असलेले एक उदाहरण असे आहे, की जेथे वादच संभवत नाही. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे राहिला. तेथे दशक कोठून मोजले, याला अर्थ उरत नाही. वर्चस्वाची खरी कसोटी बहुधा हीच असते : सीमा कोठेही आखली, तरी उत्तर बदलत नाही.

दोन भागांत विभागलेले दशक

ही कसोटी लावली, तर २००१ ते २०१० हे दशक पूर्णपणे कोणा एकाचे ठरत नाही, मात्र त्याचे दोन भाग स्वच्छ दिसतात. २०००-०१ ते २००३-०४ या चार हंगामांतील चारही विजेतेपदे कोलकात्यात गेली, त्यांतील तीन ईस्ट बंगालकडे. त्यानंतरच्या सहा हंगामांत कोलकात्याला एकही विजेतेपद मिळाले नाही आणि त्यांतील चार एकट्या धेंपोने जिंकली. पुढे २०१४-१५ मध्ये मोहन बागान विजेता ठरेपर्यंत कोलकात्याला अकरा वर्षे वाट पाहावी लागली.

२००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांतील आठ विजेतेपदे गोव्याच्या क्लबांनी मिळवली : धेंपो पाच, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक. उरलेले एक मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचे. सत्तेचे केंद्र हुगळीच्या काठावरून पश्चिम किनाऱ्यावर सरकले होते, हे या दशकाचे खरे वैशिष्ट्य होय.

या स्थित्यंतरामागे काही ठोस कारणे होती. धेंपो आणि साळगावकर हे क्लब गोव्यातील, खाण व्यवसायातून मोठ्या झालेल्या उद्योगसमूहांचे. त्यांच्याकडे आर्थिक पाठबळ होते आणि निर्णय घेण्यात सातत्यही होते. धेंपोच्या पाचही विजेतेपदांच्या वेळी प्रशिक्षकपदी आर्मांदो कुलासो हेच होते. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक यांसारखे भारतीय खेळाडू आणि रँटी मार्टिन्स, बेटो यांसारखे परदेशी खेळाडू यांची सांगड त्यांनी वर्षानुवर्षे टिकवली.

दोन्ही संघांच्या कथेला जोडणारा एक दुवा मात्र वेदनादायी आहे. ब्राझीलचा क्रिस्टियानो ज्युनियर २००३-०४ मध्ये ईस्ट बंगालच्या विजेत्या संघात होता. पुढच्या हंगामात तो धेंपोकडे आला. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरू येथे मोहन बागानविरुद्ध फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात गोल करताना गोलरक्षकाशी झालेल्या धडकेनंतर तो कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. धेंपोने तो करंडक जिंकला, मात्र त्याचा दहा क्रमांकाचा गणवेश कायमचा निवृत्त केला. भारतीय मैदानांवरील वैद्यकीय व्यवस्थेची उणीव त्या दिवशी संपूर्ण देशासमोर आली.

वाद महत्त्वाचा का?

दशकाचा मानकरी ठरवणे हा केवळ चाहत्यांचा विरंगुळा नाही. या यादीतील अनेक नावे आता मैदानावर नाहीत. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली देशाचे विजेतेपद मिळवणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पहिला लीग विजेता जेसीटी २०११ मध्ये विसर्जित झाला. २०१६ मध्ये धेंपो आणि साळगावकर यांनी आय-लीगमधून माघार घेतली. २०१९-२० पासून देशातील सर्वोच्च लीगचा दर्जा इंडियन सुपर लीगला मिळाला आणि जुन्या लीगचा इतिहास दुसऱ्या पानावर गेला.

ईस्ट बंगालला लाखो चाहत्यांचे पाठबळ आहे. २०२०-२१ मध्ये हा क्लब इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाल्याने त्याचा इतिहास त्याच्यासोबत नव्या लीगमध्येही पोहोचला. धेंपोला पुन्हा आय-लीगमध्ये येण्यासाठी २०२४-२५ च्या हंगामापर्यंत थांबावे लागले, तेही तिसऱ्या श्रेणीतील लीगमधून वर चढून. ज्या क्लबाचा संघ मैदानावर नसतो, त्याची बाजू मांडणारे हळूहळू कमी होत जातात.

म्हणून उत्तर द्यायचेच झाले, तर ते असे द्यावे लागेल : लीगच्या कसोटीवर २००१ ते २०१० हे दशक धेंपोचे, करंडकांची विविधता आणि परदेशातील विजेतेपद पाहता ईस्ट बंगालचा दावाही भक्कम. मात्र आजपर्यंत राष्ट्रीय लीगची पाच विजेतेपदे मिळवणारे क्लब देशात दोनच आहेत, धेंपो आणि मोहन बागान. त्यांतील धेंपोने ती आठ हंगामांत मिळवली, तर मोहन बागानला त्यासाठी बावीस वर्षे लागली.