रुग्णशुश्रूषेचा ओनामा

रुग्णशुश्रूषा म्हटली कीं दया, गोड बोलणें आणि कपाळावरून फिरणारा मऊ हात, एवढेंच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परिचारिकांच्या शाळेंत पहिल्या दिवशीं पाऊल टाकणारी विद्यार्थिनीहि बहुधा हेंच चित्र मनाशीं बाळगून आलेली असते. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. मायाळू हात धुतलेला नसेल तर तोच एका रुग्णाचा रोग दुसऱ्याच्या अंथरुणापर्यंत पोंचवितो. आणि कळकळीनें पाजलेलें औषध भलत्याच रुग्णाच्या पोटांत गेलें तर त्या कळकळीचा कांहींच उपयोग होत नाहीं. आजारी माणूस रुग्णालयांत येतो तो बरा होण्यासाठीं. तेथें आल्यामुळें त्याला नवें दुखणें जडूं नये, ही काळजी परिचारिकेनें सर्वांआधीं घ्यावयाची असते. म्हणून शुश्रूषेच्या शिक्षणाचा ओनामा दक्षतेपासून होतो.

या दक्षतेचा पहिला धडा हात धुण्याचा. तो वाटतो सोपा, पण तो शिकण्यासाठीं मनुष्यजातीला फार मोठी किंमत द्यावी लागली आहे. व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयांत १८४७ सालीं इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरियन डॉक्टर काम करीत असे. तेथें प्रसूतीचे दोन विभाग होते. एकांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. विद्यार्थ्यांच्या विभागांत बाळंतज्वरानें मरणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण दुसऱ्या विभागाहून कितीतरी अधिक होतें. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहांत येतात आणि त्यांच्या हातांबरोबर कांहीं घातक द्रव्य येतें, असें सेमेलवाइसनें अनुमान केलें व क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत त्या विभागांत शंभर बाळंतिणींमागें सुमारें १८ मृत्यु झाले होते. मेच्या मध्यास हात धुणें सुरू झालें आणि जूनमध्यें तें प्रमाण सुमारें २ वर आलें. रोगजंतूंचें ज्ञान तेव्हां शास्त्रालाहि नव्हतें. केवळ हात धुण्यानें एवढा फरक पडला.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत हात स्वच्छ करण्याचे पांच प्रसंग सांगितले आहेत. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वीं. निर्जंतुक राखावयाच्या कोणत्याहि कामापूर्वीं. रक्ताशीं वा शरीरांतील स्रावांशीं संबंध आल्यानंतर. रुग्णाला स्पर्श केल्यानंतर. आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. यांतील शेवटचा प्रसंग सहज विसरला जातो. रुग्णाला हात लावला नाहीं, नुसती उशी सारखी केली किंवा खाटेचा कठडा धरला, तरी हात स्वच्छ राहिलेला नसतो. अल्कोहोलयुक्त द्रव असेल तर तो २० ते ३० सेकंद चोळावा. साबण आणि पाणी असेल तर सर्व मिळून ४० ते ६० सेकंद लागतात. हात दिसण्यांतच मळलेले असतील तर साबण-पाणीच हवें. हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नव्हे. ते काढल्यावरहि हात धुवावेच लागतात.

दुसरा धडा पाहण्याचा. उष्णतामान, नाडी, श्वास आणि रक्तदाब यांची नोंद ही केवळ तक्ता भरण्यासाठीं नसते. प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीच्या वेळीं मिनिटाला साधारणपणें ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतात. श्वास मोजले जात आहेत हें कळलें कीं माणूस नकळत निराळा श्वास घेऊं लागतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावर मनगट तसेंच धरून ठेवावें आणि छातीची हालचाल पाहत पुरतें एक मिनिट श्वास मोजावे. पुष्कळ ठिकाणीं हीच नोंद अंदाजानें केली जाते, आणि वॉर्डांतल्या सगळ्या तक्त्यांवर एकच आंकडा दिसूं लागतो. यांत मोठा धोका आहे. रुग्णाची प्रकृति ढासळूं लागली कीं पुष्कळदां सर्वांत आधीं श्वासाचा वेग वाढतो. सकाळीं १८ असलेला आंकडा दुपारीं २६ झाला आणि रुग्ण अस्वस्थ दिसूं लागला, तर तें लिहून थांबूं नये. तत्काळ वरिष्ठ परिचारिकेला व डॉक्टरांना कळवावें. अंदाजानें लिहिलेला २० हा आंकडा त्या रुग्णाचा मोलाचा वेळ घालवितो.

तिसरा धडा कूस बदलण्याचा. जो रुग्ण आपण होऊन हलूं शकत नाहीं, त्याच्या हाडांचे उंचवटे आणि अंथरूण यांच्यामध्यें कातडी व मांस दाबलें जातें. तेथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोंचत नाहीं आणि तो भाग मरूं लागतो. माकडहाडाजवळचा भाग, टांचा, खुबे, खांदे, कोपर आणि डोक्याची मागील बाजू या जागा रोज उजेडांत नीट पाहाव्या. तांबूस डाग बोटानें दाबल्यावर पांढरा पडला नाहीं, तर इजा सुरू झाली असें समजावें. सांवळ्या कातडीवर तांबूसपणा सहज दिसत नाहीं. तेथें ऊन लागणें, कठीणपणा किंवा आसपासच्या रंगाहून निराळा रंग या खुणा हातानें व डोळ्यांनीं शोधाव्या लागतात. साधारणपणें दर दोन तासांनीं कूस बदलावी, रुग्णाला थोडें तिरपें निजवून पाठीशीं उशी द्यावी, आणि पोटऱ्यांखालीं उशी ठेवून टांचा अधांतरीं राहतील असें करावें. वर सरकवितांना रुग्णाला ओढूं नये. दोघींनीं चादरीनें उचलून घ्यावें, नाहीं तर कातडी घासते. पूर्वीं अशा लाल जागीं स्पिरिट लावून चोळण्याची पद्धति होती. चोळण्यानें आंतील नाजूक भागाला अधिकच इजा होते, म्हणून ती आतां सोडून द्यावयाची आहे.

या साध्या कामाची थोरवी मुंबईनें पाहिली आहे. के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ सालीं तेथेंच प्राणघातक हल्ला झाला, आणि मेंदूला झालेल्या इजेमुळें त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. २०१५ सालीं त्यांचें निधन झालें. तोंपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयांतील परिचारिकांच्या पिढ्यांनीं त्यांना भरविलें, न्हाऊं घातलें आणि कुशीवर वळविलें. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या प्रकरणाचा निकाल देतांना या शुश्रूषेचा मुद्दाम गौरव केला. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊं दिला गेला नव्हता.

चौथा धडा औषधाचा. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, या पांच गोष्टी प्रत्येक वेळीं ताडून पाहाव्या. “आजी, तुम्हीच पाटीलबाई ना?” असें विचारूं नये, गुंगींत असलेला किंवा कमी ऐकूं येणारा रुग्ण कशालाहि मान डोलावतो. “आजी, तुमचें पूर्ण नांव सांगतां का?” असें विचारावें आणि उत्तर मनगटावरील पट्टीशीं व कागदाशीं जुळवावें. दुसरीनें भरून ठेवलेली सिरिंज देऊं नये. अक्षर लागत नसेल किंवा मात्रा भलतीच वाटत असेल, तर पुन्हा विचारण्यांत कमीपणा नाहीं. डिगॉक्सिन देण्यापूर्वीं छातीवर स्टेथॉस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावे. प्रौढ माणसांत ते ६० हून कमी असतील तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवावें. पोटॅशियम क्लोराइडचें तीव्र द्रावण तर विरळ केल्यावांचून शिरेंत कधींहि देऊं नये. त्यानें हृदय क्षणांत थांबूं शकतें. दिलेलें औषध दिल्याबरोबर लिहावें. आधीं लिहून ठेवूं नये. न लिहिलेलें औषध पुढच्या पाळींतील परिचारिका पुन्हा देण्याचा संभव असतो.

सुरक्षिततेंत परिचारिकेचा स्वतःचा जीवहि येतो. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवूं नये. ती लगेच न भोंसकणाऱ्या पेटींत टाकावी. भारतांतील २०१६ सालच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणें ही पेटी पांढरी व अर्धपारदर्शक असते. खाटेजवळून दूर होतांना खाट खालीं केली आहे, चाकें अडकविलीं आहेत, आणि बोलावण्याची घंटा रुग्णाच्या हाताशीं आहे, एवढें पाहून मगच पाऊल उचलावें. आणि चूक झालीच, तर ती लपवूं नये. वेळेवर कळलेली चूक बहुधा सुधारतां येते. लपविलेली चूक रुग्णाला भोगावी लागते.

यांतील एकहि गोष्ट अवघड नाहीं. अवघड आहे ती ही कीं, त्या सर्व रोज, प्रत्येक रुग्णापाशीं, आणि कोणी पाहत नसतां पहाटे तीन वाजतांहि तशाच करावयाच्या असतात. शय्याव्रण झाला नाहीं, जंतुसंसर्ग झाला नाहीं, औषध चुकलें नाहीं, याबद्दल रुग्ण क्वचितच आभार मानतो. कारण काय टळलें हें त्याला दिसतच नाहीं. तो आपल्या पायांनीं चालत घरीं जातो. विद्यार्थिनीनें शिकावयाचें तें एवढ्यासाठींच.